गवतातली ओ

१

बिबवेवाडीतल्या त्या जुन्या बंगल्यांच्या सोसायटीत दुपारची जेवणं उरकली की खिडक्यांचे पडदे ओढले जातात आणि मग चार वाजेपर्यंत कुणी कुणाचं नसतं. कुरिअरवालासुद्धा बेलवर बोट ठेवण्याआधी दोनदा विचार करतो. वासंती सुपेकर मात्र त्या वेळात झोपत नसे. तिचा नवरा घरातून निघून जायला बघायचा तो नेमका त्याच वेळी.

रंगनाथ सुपेकर पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होते. दुपारपाळीची कंपनीची बस स्वारगेटवरून सुटायची आणि ती त्यांनी उभ्या आयुष्यात चुकवली नव्हती. निवृत्तीनंतर डिमेन्शियाने त्यांच्या डोक्यातलं एकेक पुसत नेलं. मुलाचं नाव गेलं, बायकोचं गेलं, भात कशाशी खायचा तेही गेलं. बस तेवढी राहिली. जेवण झालं की ते चपला चढवायचे आणि व्हरांड्यातून समोर दिसणाऱ्या गेटकडे बघत वासंतीला म्हणायचे, "बाई, आपण जरा बाजूला व्हाल का? बस चुकेल." एकदा ते गेलेच. संध्याकाळी स्वारगेटच्या आगारात, सोलापूरच्या गाडीत खिडकीशी बसलेले सापडले, मांडीवर रिकामा डबा घेऊन.

त्यांचा एकुलता एक मुलगा अभिनव हिंजवडीहून धावत आला आणि त्याने आईला शांतपणे सांगून टाकलं की पुन्हा असं झालं तर बाबांना संस्थेत ठेवायचं. संस्था त्याने पाहून ठेवली होती. मोबाइलवर फोटोही दाखवले. फोटोंत एकाच रंगाचे स्वेटर घातलेले म्हातारे कॅरमभोवती बसले होते आणि एकाचंही लक्ष कॅरमकडे नव्हतं. आजारी माणसाला त्याच्या घरात ठेवणं हा या शहरात आता हट्ट समजला जातो. वासंती हट्टीच होती. टेलिफोन खात्याच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये तिने परगावचे कॉल जोडायची नोकरी केली होती, युनियनमध्ये असताना साहेबांना त्यांच्याच केबिनमध्ये दिवसभर कोंडून घातलं होतं. ती अभिनवला म्हणाली, "हे याच घरात राहतील. तुला बघवत नसेल तर रविवारी येऊ नकोस."

पण रात्री तिने गेटचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. पुन्हा गेट उघडं राहिलं, पुन्हा एकदा डोळा लागला, की माणूस हातचा गेला. स्वारगेटला नाही तर संस्थेत.

दिसतं म्हणून जावंसं वाटतं, असा तिने विचार केला. गेट दिसलंच नाही तर? भिंत बांधायला सोसायटीची परवानगी लागते. गवताला लागत नाही. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून तिने पंपास गवताचे ठोंब आणले, माणसाच्या डोक्यावर जाणारं, वर पांढऱ्या तुऱ्यांचं. कंपाउंडच्या भिंतीला लागून, गेटच्या आडोशाला दोन ओळी लावल्या आणि गेटकडे जायची वाट गवताला वळसा घालून काढली. सेक्रेटरी दत्तप्रसाद गोरे बघायला आले. त्यांचं म्हणणं, यात साप येतील. वासंतीने त्यांना सांगितलं, आलाच तर त्याच्याकडूनही मेंटेनन्स घ्या.

२

दिवाळीपर्यंत गवत पुरुषभर वाढलं आणि गेट नाहीसं झालं. उपाय लागू पडला. रंगनाथ जेवून व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसायचे, समोर बघायचे आणि काही विचारायचे नाहीत. बस आठवायची बहुतेक, पण तिच्याकडे कुठून जायचं ते कळायचं नाही. कामाला येणाऱ्या तुळजाबाई म्हणाल्या, बाई, सायेबांस्नी तुम्ही गवतानं बांधून घातलं. वासंतीला ते आवडलं नाही, पण खोटंही वाटलं नाही.

मग ते गवतात शिरायला लागले. फार आत नाही. जायला जागाच नव्हती. पहिल्या ओळीतून हात पुढे केला तर बोटं भिंतीच्या सिमेंटला टेकत, एवढाच तो पट्टा. पंपासच्या पात्यांना करवतीसारखी धार असते. ते बाहेर आले की दोन्ही हातांवर बारीक ओरखडे असायचे. वासंती त्यांना हळद लावायची. ते मुकाट्याने लावून घ्यायचे आणि "आभारी आहे" म्हणायचे.

ती त्यांना बोलवायची ते आयुष्यभर बोलवलं तसंच. "अहो, या आता." कलेक्टरला नाव घेऊन जाब विचारणारी ही बाई, पण नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून उभ्या जन्मात एकदाच निघालं होतं, लग्नात, चार बायकांनी दार अडवल्यावर उखाण्यात. बँकेच्या कागदांवर ती ते रोज लिहू शकत होती. हात अडत नसे, जीभ अडायची. तिला याचा रागही यायचा, स्वतःचाच. पण सवय ती सवय.

हाक मारली की ते यायचे. आधी लगेच यायचे. मग जरा उशिराने. एका दुपारी तिने हाक मारली आणि वाट बघता बघता तिच्या लक्षात आलं की तुरे हलतायत ते लांबवर हलतायत. एक हलला, मग त्याच्या मागचा, मग त्याच्याही मागचा. कुणीतरी लांबून चालत यावं तसे. तिने चष्मा काढून पदराला पुसला. पुन्हा लावला तोवर रंगनाथ समोर उभे होते आणि मागे गवताच्या दोन ओळी होत्या, त्यांच्यामागे भिंत.

मोतीबिंदू पिकला असेल, असं तिने ठरवलं.

३

त्या दिवशी ती चुकली ती दुधामुळे. गॅसवर दूध होतं, उतू गेलं, ओटा पुसावा लागला. व्हरांड्यात आली तर खुर्ची रिकामी. गवताला वळसा घालून गेटपाशी गेली. गेटला कुलूप होतं, किल्ली तिच्या कमरेला. म्हणजे गवतात.

"अहो," तिने हाक मारली. जोरात नाही. दत्तप्रसादांची खिडकी शेजारीच होती आणि या बाईचा नवरा पुन्हा हरवला ही बातमी अभिनवपर्यंत पोचवायला त्यांना चहा पिण्याइतकाही वेळ लागला नसता.

गवत हललं नाही. तिने पाती बाजूला केली, हात घातला. बोटं भिंतीला टेकली नाहीत. तिने खांद्यापर्यंत हात घातला. पाती दंडाला चिरत गेली, पण पलीकडे काहीच नव्हतं; नुसतं गवत, आणि गवताच्या आत बंद खोलीत असतो तसा गारवा. तिने हात झटकन बाहेर ओढला.

"अहो. अहो, ऐकलंत का? या ना आता."

किती वेळ बोलवत होती कुणास ठाऊक. भीतीने तिच्या आवाजाचा सूरच बदलला होता. जो कुणी ऐकेल त्याने यावं, अशी हाक होती ती. आणि मग गवतातून ओ आली. स्पष्ट, खणखणीत, दोन वर्षांत ऐकली नव्हती अशी.

"ओ. आलो."

ते गवताच्या पलीकडच्या टोकाने बाहेर आले, शर्टाची घडी न मोडता. तिच्याकडे बघून हसले. म्हणाले, "अगं, ओरडतेस कशाला? लोकं झोपलीत."

अगं. दोन वर्षं ती 'बाई' होती, 'आपण' होती. वासंती तिथेच पायरीवर बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. ते शेजारी उभे राहिले. रडणं संपल्यावर सवयीने तिने त्यांचे हात हातात घेतले, हळद कुठे लावायची ते बघायला.

एकही ओरखडा नव्हता.

४

माणसाला सुख बोचतं म्हणतात ते खोटं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. रंगनाथ बरे होत होते. स्वतः आंघोळ करत होते, पेपर उघडून बसत होते, आमटीत मीठ कमी आहे हे सांगत होते. बसचं नाव काढत नव्हते. तुळजाबाईंनी तुळजापूरच्या देवीला नारळ बोलून टाकला. अभिनव आला, बाबा त्याला "अरे, ये, बस" म्हणाले आणि सहा फुटांचा तो माणूस बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडला. अभिनवची बायको शेफाली म्हणाली, आई, तुम्ही जिंकलात. संस्थेची गोष्ट कुणी काढली नाही. वासंतीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नेहमीचं विचारलं, काका, मुलाचं नाव काय? ते म्हणाले, "फी आम्ही द्यायची आणि परीक्षाही आम्हीच द्यायची?" डॉक्टर खो खो हसले. अभिनव हसला. म्हणाला, हेच, हेच आमचे जुने बाबा. वासंतीही हसली. घरी येताना रिक्षात तिच्या मनात आलं की नाव त्यांनी सांगितलंच नाही.

मग ती लक्ष ठेवून ऐकायला लागली. शेजारी दत्तप्रसाद विचारायला आले, ओळखलंत का मला? ते म्हणाले, "ओळखलं म्हणून तर बसा म्हटलं नाही." दत्तप्रसाद मांडीवर थाप मारून हसले. तुळजाबाईंना ते 'त्या बाई' म्हणायचे, अभिनवला 'तो', शेफालीला 'सूनबाई'. रस्त्याला रस्ता, देवाला देव. दिवसभरात त्यांच्या तोंडून एक नाव निघत नव्हतं, माणसाचं नाही, गावाचं नाही, पेपर वाचत असून पेपरातलं नाही. आणि कुणाच्या लक्षात येत नव्हतं, कारण या शहरात सरळ उत्तर देणाऱ्यापेक्षा तिरकं उत्तर देणारा शहाणा समजला जातो. तिरकेपणावर इथे सगळं खपतं.

आणखीही होतं. रंगनाथ व्हरांड्यात बसायचे ते बागेकडे तोंड करून; हे घराकडे तोंड करून बसायचे, गवताकडे पाठ. आणि सकाळी ती अंथरुणं काढायची तेव्हा त्यांच्या उशीला खळगा पडलेला नसायचा.

५

एका दुपारी चहा देताना तिने सरळच विचारलं. कप हातात ठेवला, सोडला नाही, आणि म्हणाली, "माझं नाव काय?"

ते तिच्याकडे बघत राहिले. चेहरा तोच, भुवईवरचा टूलरूममध्ये उडालेल्या लोखंडाच्या किसाचा डाग तोच. मग गालात हसले. "एवढ्या वर्षांनी ओळख करून देतेस का?"

"सांगा ना."

"चहा गार होतोय," ते म्हणाले, आणि हलकेच कप सोडवून घेतला.

ती तशीच उभी होती आणि त्या शांततेत तिला गवतातून आवाज आला. फार बारीक. "बाई, बस गेली का हो?"

जन्म आवाज जोडण्यात गेला होता तिचा. ट्रंक लाइनवर मुंबईचा आवाज कसा येतो आणि नागपूरचा कसा, हे ती कानाने ओळखायची. दूरचा आवाज नुसता लहान नसतो, तो उशिराने येतो, त्याला मागे एक पोकळी असते. हा आवाज तसा होता. नागपूरच्याही पलीकडचा. आणि तो येत होता घराच्या कंपाउंडच्या आतून.

"वारा सुटलाय," खुर्चीतला म्हणाला. मागे वळून न बघता.

एकही तुरा हलत नव्हता.

ती स्वयंपाकघरात गेली, ओट्याला दोन्ही हात टेकून उभी राहिली. आणि एक्स्चेंजमधला पहिल्या महिन्यात शिकवलेला नियम तिला आठवला. माणसाचं नाव सांगून लावलेला कॉल असेल तर त्याच नावाचा माणूस फोनवर येईपर्यंत जोडायचा नाही. पलीकडून कुणीही हॅलो म्हणेल. हॅलो म्हणणाऱ्याला जोडायचं नाही. नाव विचारायचं.

तिने नाव घेतलं नव्हतं. तिने नुसतं 'अहो' म्हटलं होतं. अहो कुणीही असतो.

६

रविवारी अभिनव आणि शेफाली जेवायला आले. जेवताना अभिनव म्हणाला, आई, आता ते गवत काढून टाकू, बाबांना आता आडोशाची गरजच नाही, आणि उगाच मोकळी बाग अडून राहिलीय. वासंती काही बोलायच्या आत खुर्चीतला म्हणाला, "काढून टाका. मुळासकट."

तो एवढ्या उत्सुकतेने बोलला होता की वासंतीने वर बघितलं. बरं झाल्यापासून त्याने पहिल्यांदाच काही मागितलं होतं.

ती नको म्हणाली. का, ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संस्थेत तिचीच खाट पडली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिनवच्या सांगण्यावरून दत्तप्रसादांनी आनंदाने गवत कापायची मशीन घेऊन दोन माणसं पाठवली. वासंतीने वेताची खुर्ची उचलली, गवतासमोर आणून ठेवली आणि तीत बसली. माणसांना म्हणाली, चालवा मशीन, पण आधी पाय माझे. ती बिचारी एकमेकांकडे बघत निघून गेली. दत्तप्रसाद कंपाउंडवरून म्हणाले, गवत लावताना तुमचं भांडण, काढताना तुमचं भांडण, तुम्हाला नक्की हवंय काय? वासंती म्हणाली, तुम्ही तुमच्या खिडकीत असणं.

अभिनव घरूनच काम करत होता त्या दिवशी. दत्तप्रसादांचा फोन गेल्यावर तासाभरात आला. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून तो बाबा पेपर वाचत होते तिकडे बघत राहिला, आणि मग खालच्या आवाजात, दात आवळून बोलला.

"आई, बाबा बरे झालेले तुला बघवत नाहीत का?"

दोन वर्षं या पोराने बापाचे डोळे अनोळखी झालेले पाहिले होते. आता कुठे त्याला कुणी 'अरे' म्हणत होतं. ते ती काढून घ्यायला निघाली होती, आणि तिच्याकडे दाखवायला काय होतं? न चिरलेले हात. न दबलेली उशी.

"बरा माणूस कुणाला नको असतो?" ती म्हणाली. "पण मला माझा हवाय. कसाही असला तरी."

अभिनव म्हणाला की तो दुपारी स्वतः माणसं घेऊन येतो. आणि तू डॉक्टरकडे चल, बाबा नाही, तू. गेट आपटून तो गेला. कुलूप लावायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

७

पडदे ओढले गेले. सोसायटी झोपली. तो व्हरांड्यात घराकडे तोंड करून बसला होता, पेपर मांडीवर. वासंती त्याच्या समोरून पायऱ्या उतरली. "कुठे निघालीस?" त्याने विचारलं. तिने उत्तर दिलं नाही आणि गवतात शिरली.

भिंत आली नाही. तिला ते अपेक्षित होतं, तरी तिने हात पुढे धरूनच पावलं टाकली. पाती गालाला, मनगटांना कापत होती. तिने ते चांगलं लक्षण मानलं. पायाखाली बागेतली लाल माती होती, मग नव्हती. काहीतरी कोरडं, भुसभुशीत होतं. वर तुरे आणि तुऱ्यांच्या मधून पांढरं आकाश. पुढे, खूप पुढे, उभ्या राहिलेल्या बसचं इंजिन नुसतंच चालू असावं तशी घरघर. तिने मागे वळून पाहिलं. पात्यांच्या फटीतून व्हरांडा दिसत होता, काडेपेटीएवढा, आणि त्यात त्याची पाठमोरी आकृती.

आता नाव घ्यायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि नेहमीचाच शब्द ओठावर आला. तिने तो गिळला. हसू येईल अशी गोष्ट होती. इतकी भाषणं केलेली ही बाई, चार अक्षरांसाठी घाम पुसत होती. कुणीतरी ऐकेल, काय म्हणतील, असं वाटण्याची ही जागा होती का? पण जिभेला जागा कळत नाही.

"रंगनाथ," ती पुटपुटली.

व्हरांड्यातली पाठ हलली नाही. स्वतःचं नाव ऐकून माणूस झोपेतही हलतो.

"रंगनाथ," ती मोठ्याने म्हणाली. आणि मग तिला राग आला, त्या उशीचा, त्या हसणाऱ्या डॉक्टरांचा, कॅरमभोवतीच्या स्वेटरांचा, आणि तिने बेंबीच्या देठापासून हाक मारली. "रंगनाथ सुपेकर. रंगनाथ गोविंद सुपेकर. कुठे आहात तिथून इकडे या."

लांबवर एक तुरा हलला. उशिराने, पोकळीतून आवाज आला. "ओ?"

त्याचबरोबर पाठीमागून, अगदी जवळून, "अगं."

तिने मान वळवली नाही.

"अगं, इकडे ये. अगं, ऐकलंस का? अगं." प्रेमाने, मग काळजीने, मग थट्टेने. मग तिच्या आईच्या आवाजात. मग एक्स्चेंजमधल्या मैत्रिणीच्या. पुढचे तुरे हलत येत होते, एकामागून एक, आणि मागे ते 'अगं' मानेवर श्वास लागावा इतकं जवळ आलं होतं.

"मला नाव आहे," वासंती समोर बघत म्हणाली. "येत असेल तर घे."

मागे सगळं गप्प झालं.

समोरची पाती दुभंगली आणि एक हात बाहेर आला. ओरखड्यांनी भरलेला, काही जुने, काही ओले. तिने तो पकडला. मागोमाग रंगनाथ आले, दाढी वाढलेले, एक चप्पल नसलेले, डोळ्यांत पाणी. त्यांनी तिच्याकडे परक्या बाईकडे बघतात तसं संकोचाने पाहिलं. "बाई, बस आली का?"

"आली," ती म्हणाली. "माझा हात सोडू नका."

आवाज गप्प झाला होता तरी व्हरांड्यातला तिथेच होता. ती दोघं गवतातून बाहेर येऊन पायऱ्या चढली तेव्हा त्याने पहिल्यांदाच मान गवताकडे वळवली. तिला बघायचं नव्हतं, तरी दिसलंच: चष्म्याच्या काचांमागे डोळे असायला हवेत तिथे हिरवट काहीतरी दाटीने उभं होतं आणि वाऱ्याशिवाय हलत होतं. त्यापुढे तिने बघितलं नाही. नवऱ्याला पुढे घातलं, आत आली, दाराची कडी लावली, वर साखळीही लावली.

८

रंगनाथांना तिने पलंगावर बसवलं, हातांना हळद लावली. ते आभारी आहे म्हणाले. त्यांनी डोकं टेकलं आणि उशी खाली दबली. ती ते बघत उभी राहिली.

बाहेर गाडी थांबली. गेट उघडलं, गेट बंद झालं. अभिनव. वळशाची वाट अशी कितीशी, दहा पावलं टाकली की व्हरांडा. वासंती दारामागे पावलं ऐकत उभी राहिली. पावलं आली नाहीत. गवत सळसळलं, थांबलं. मग बराच वेळ काहीच नाही. तिने कान दाराला लावला.

मग बेल वाजली. तिने साखळी न काढता दार किलकिलं केलं. फटीत अभिनव एकटाच उभा होता, दोन्ही हात पाठीमागे, केस विंचरलेले. चेहऱ्यावरचा सकाळचा राग नाहीसा झाला होता.

"बाबा बागेतच आहेत," तो हसत म्हणाला. "आत्ता हाक मारली त्यांनी, 'अरे' म्हणून."

मागून पलंगावरून रंगनाथांनी विचारलं, कोण आलंय, बाई?

"तू ओ दिलीस?" वासंतीने विचारलं.

"मग? बापाने हाक मारल्यावर ओ द्यायची नाही का?"

व्हरांड्यातली खुर्ची तिला फटीतून दिसत होती. रिकामी होती. त्यापलीकडे पांढरे तुरे उन्हात स्तब्ध उभे होते.

"माझं नाव घे," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग गालात हसला. "आईचं कुणी नाव घेतं का? दार उघड, ऊन लागतंय."

हे खरंच होतं. चाळीस वर्षांत त्याने तिला आई सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. कुठलाच मुलगा म्हणत नाही. तिचा मुलगा असता तरी हेच म्हणाला असता, असंच हसला असता. तिने साखळीवरची पकड घट्ट केली. हा तिचा असेल तर नाव घेईल. त्याचीही जीभ अडेल, पण घेईल. आणि नसेल तर गवत अजून उभं होतं, ते तिने कुणाला कापू दिलं नव्हतं, आणि हाका मारायला तिचा घसा आता मोकळा झाला होता.

"घे," ती म्हणाली. "मला काही घाई नाही."